पान ओळखण्याची रीत : सोनामुखीचे उदाहरण



औषधी वनस्पतींवरील पुस्तकांचे भाषांतर करणाऱ्याला वाक्यरचनेपेक्षा नावे अधिक छळतात. मूळ ग्रंथात एक लॅटिन नाव असते. त्याच्यासमोर मराठी नाव ठेवायला बसावे तो चार नावे पुढे येतात, आणि त्या चारांपैकी दोन भलत्याच वस्तूंची निघतात. ग्रंथालयात बसून वाचणाऱ्याला याची झळ लागत नाही. परंतु काष्ठौषधींच्या दुकानात पुडी बांधली जाते तेव्हा नावाची चूक ही वस्तूची चूक होते, आणि वस्तूची चूक पोटात जाते. म्हणून आज मी एकाच पानाविषयी बोलणार आहे. ते पान सोनामुखीचे. हे पान तेच आहे हे कसे ठरवावयाचे आणि ते चांगले आहे हे कशावरून म्हणावयाचे, हे दोन प्रश्न या एका उदाहरणात जितके स्वच्छ दिसतात तितके क्वचितच कोठे दिसत असतील.

सोनामुखीला हिंदीत सनाय म्हणतात, युनानी वैद्यकात सना मक्की, तमिळमध्ये निलावरै. मराठीत सोनामुखीबरोबरच भुईतरवड हेही नाव काही ठिकाणी चालते. आता तरवड म्हणजे आपल्या पठारावर, माळरानावर आणि रस्त्याकडेला पिवळ्याधमक फुलांनी डवरणारे वेगळेच झुडूप. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरीत. दोन्ही झाडे एकाच कुळातील, दोन्हींची फुले पिवळी, दोन्हींची पाने संयुक्त. तेव्हा नाव उसने घेतले गेले यात नवल नाही. पुढे आपण पाहू की, जो गोंधळ नावात आहे तोच बाजारातही आहे. दुसरे नाव सोनमाखी. याच्याशी अगदी जुळणारे एक नाव रसशास्त्रात सुवर्णमाक्षिकाला आहे, आणि सुवर्णमाक्षिक हे तर तांबे व लोह असलेले खनिज! केवळ उच्चारावर विसंबून औषध मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची भेट कोठे चुकेल हे सांगवत नाही.

लॅटिन नाव घेतले की प्रश्न मिटला, असे आपल्याला वाटते. तेही पुरते खरे नाही. जुन्या पुस्तकांत या वनस्पतीच्या दोन जाती दिलेल्या आढळतात : कॅसिया अँगुस्टिफोलिया आणि कॅसिया ॲक्युटिफोलिया. पहिली तिरुनेलवेलीची, दुसरी अलेक्झांड्रियाची. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅसिया या अवाढव्य वंशाची फोड करून सेन्ना हा वंश वेगळा मांडला, आणि आज या दोन्ही ‘जाती’ सेन्ना अलेक्झांड्रिना या एकाच नावाखाली गणल्या जातात. औषधिकोशांनी मात्र दोन व्यापारी प्रकार पुष्कळ काळ वेगळे ठेवले. वर्गीकरणशास्त्राचे घड्याळ आणि व्यापाराचे घड्याळ नेहमीच एक वेळ दाखवीत नाही.

व्यापारी नावांची आणखी एक गंमत आहे. अलेक्झांड्रियाची सोनामुखी अलेक्झांड्रियात पिकत नाही. ती सुदानात आणि नाईलच्या वरच्या खोऱ्यात होते. अलेक्झांड्रिया हे केवळ तिच्या निर्यातीचे बंदर. जुन्या ग्रंथांत ‘बॉम्बे सेन्ना’ असे एक नाव भेटते. मराठी वाचकाला वाटेल की, हे पान मुंबईच्या आसपासचे असावे. ते अरबस्तानातील रानटी झाडांचे पान. मुंबईच्या वाटेने पुढे जाई म्हणून त्याला मुंबईचे नाव लागले. तिरुनेलवेलीचे नाव तेवढे प्रामाणिक म्हणावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरबस्तानातील बियाणे तमिळ प्रदेशाच्या दक्षिण टोकाशी रुजले आणि तेथील कोरड्या, तापट हवेत असे मानवले की तिरुनेलवेली, तुत्तुकुडी आणि रामनाथपुरम हा पट्टा या पानाच्या जागतिक व्यापाराचे माहेरघर बनला. तुत्तुकुडीचे बंदर जवळच होते, ही गोष्टही विसरता कामा नये. पुढे गुजरात आणि राजस्थान येथेही लागवड पसरली.

आता पानाकडे वळू. आपण ज्याला सोनामुखीचे पान म्हणतो ते खरे तर पान नव्हे. ते संयुक्त पानाचे एक दल आहे. तिरुनेलवेलीचे दल साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर लांब, भाल्याच्या पात्यासारखे, पिवळसर हिरवे. टोकाला बारीक काट्यासारखी अणी असते. दल हातावर ठेवून त्याच्या तळाकडे पाहावे. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंचे पाते देठाशी सारख्याच ठिकाणी सुरू होत नाही. एक बाजू जरा वर, एक जरा खाली. हा विषमपणा फार महत्त्वाचा आहे. अलेक्झांड्रियाच्या प्रकारात तो अधिक ठळक असतो, तिरुनेलवेलीच्या प्रकारात कमी, पण असतो. याखेरीज तिरुनेलवेलीच्या दलांवर पुष्कळदा आडव्यातिडव्या दाबाच्या रेघा दिसतात. या रेघा निसर्गाने काढलेल्या नाहीत. पाने दाबयंत्राखाली घट्ट दाबून गासड्या बांधतात, त्या वेळी शेजारच्या पानांच्या शिरांचे ठसे उमटतात. ओळख पटविताना माणसाच्या हाताची खूणही उपयोगी पडते ती अशी.

तरवडाचे दल यापासून वेगळे कसे काढावयाचे? ताजी फांदी समोर असेल तर मूलही सांगेल. तरवडाच्या पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे असतात. त्याच्या लॅटिन नावातील ‘ऑरिक्युलाटा’ या शब्दाचा अर्थच ‘कान असलेली’ असा आहे. शिवाय दलांच्या जोड्यांच्या मध्ये, पानाच्या दांड्यावर, लहान उभ्या ग्रंथी असतात. सोनामुखीत त्या नसतात. परंतु पोत्यात दांडा नसतो, उपपर्णे नसतात, फुले तर नसतातच. सुकलेली, मोडलेली, धुळीने माखलेली दले तेवढी असतात. व्यापारात तरवडाच्या दलांना ‘पाल्थे सेन्ना’ असे एक भारदस्त नाव मिळाले आहे, आणि त्या नावाखाली ती सोनामुखीत मिसळली गेल्याची नोंद पाठ्यपुस्तकांनी पिढ्यानपिढ्या केली आहे. तरवड ही काही विषारी वनस्पती नव्हे. आयुर्वेदात आणि सिद्ध वैद्यकात तिला तिचे स्वतःचे स्थान आहे. पण सोनामुखीचे जे काम, ते करणारी सेनोसाइडे तिच्यात नाहीत. अशा वेळी एक जुनी, स्वस्त आणि फार सुंदर परीक्षा कामाला येते : चूर्णावर ८० टक्के गंधकाम्लाचे काही थेंब टाकले की तरवड किरमिजी रंग देतो. सोनामुखी देत नाही.

सगळीच भेसळ अशी सौम्य नसते. अलेक्झांड्रियाच्या मालात पूर्वी अर्घेल नावाच्या झाडाची पाने येत. ती जाड, सुरकुतलेली आणि तळाशी दोन्ही बाजूंनी सारखी असतात. वर सांगितलेला विषमपणा पाहणाऱ्याला ती लपत नाहीत. भूमध्य समुद्राच्या आसपास होणाऱ्या कोरिआरिया या विषारी झुडपाची पानेही सोनामुखीतील भेसळ म्हणून नोंदलेली आहेत. तेव्हा ‘पान तर पान, काय बिघडले’ असे म्हणण्याची सोय येथे नाही.

पण पान चूर्ण होऊन आले तर? वस्त्रगाळ चूर्णात आकार नाही, टोक नाही, तळ नाही. येथून सूक्ष्मदर्शकाचे राज्य सुरू होते. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात किंचित उकळले की त्यातील हरितद्रव्य आणि पिष्ट नाहीसे होऊन पेशींच्या भिंती काचेसारख्या स्वच्छ दिसू लागतात. या काचेच्या घरात पाहणाऱ्याने प्रथम केस शोधावेत. सोनामुखीच्या पानावरील केस एकाच पेशीचा, शंकूसारखा, जाड भिंतीचा असतो. त्याच्या अंगावर बारीक बारीक उंचवटे असतात, आणि तळाशी तो असा वाकलेला असतो की पानाला टेकून झोपल्यासारखा भासतो. अर्घेलचा केस दोनतीन पेशींचा असतो. एवढ्या एका केसावर दोन कुळे वेगळी होतात!

त्यानंतर त्वग्रंध्रे पाहावीत. पान ज्या सूक्ष्म तोंडांनी श्वास घेते ती ही रंध्रे सोनामुखीत दोन्ही पृष्ठांवर असतात, आणि बहुतेक प्रत्येक रंध्राला लागून दोन पेशी त्याच्या लांबीला समांतर पहुडलेल्या असतात. पानाचा आडवा छेद घेतला तर आणखी एक विशेष दिसतो. बहुतेक पानांत खांबांसारख्या उभ्या पेशींचा थर केवळ वरच्या बाजूला असतो. सोनामुखीत तो खालच्या बाजूलाही असतो, मात्र तेथील पेशी आखूड आणि नागमोडी भिंतींच्या. शिरांच्या तंतूंभोवती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांची रांगच्या रांग, जणू म्यानावर जडविलेले खडे. यांपैकी कोणतेही एक लक्षण इतर वनस्पतींतही सापडेल. सर्व लक्षणे एकत्र सापडणे हीच ओळख. माणूस ओळखतानाही आपण केवळ नाकावरून निर्णय देत नाही.

ओळखीच्या शास्त्रात आकडे कसे शिरले ही कथा मला विशेष मनोवेधक वाटते. पूर्वी पानावर एका चौरस मिलिमीटरमध्ये किती रंध्रे आहेत हे मोजीत. पण हा आकडा विश्वासू नाही. कोवळे पान लहान असते, त्यात रंध्रे दाटीने दिसतात. तेच पान मोठे झाले की पेशी ताणल्या जातात आणि रंध्रे विरळ होतात. १९२७ मध्ये सॅलिस्बरी यांनी सुचविले की, जागेच्या मानाने नव्हे, तर पेशींच्या मानाने मोजावे. अपित्वचेच्या दर शंभर घटकांमागे रंध्रे किती, हा त्यांचा प्रश्न. दृष्टिक्षेत्रात ८२ साध्या पेशी आणि १८ रंध्रे दिसली तर रंध्रांक १८. पान लहान असो वा मोठे, हे प्रमाण फारसे बदलत नाही. तिरुनेलवेलीच्या पानात हा अंक साधारण १७ ते २० भरतो, अलेक्झांड्रियाच्या पानात ११ ते १३. डोळ्यांना जे दोन प्रकार सारखे दिसत होते ते आकड्याने वेगळे झाले. १९२९ मध्ये लेव्हिन यांनी शिरांच्या जाळ्याकडे लक्ष वेधले. बारीक शिरांनी वेढलेली हिरवी बेटे दर चौरस मिलिमीटरमध्ये किती, हे त्यांनी मोजले. सोनामुखीत ही बेटे तिरुनेलवेलीच्या प्रकारात सुमारे १९ ते २३ आणि अलेक्झांड्रियाच्या प्रकारात सुमारे २५ ते ३० असतात. मोजणारा कंटाळता कामा नये, एवढीच अट. एका दृष्टिक्षेत्रावर निकाल देणारा परीक्षक आणि पहिल्या पानावर ग्रंथाचे परीक्षण लिहिणारा समीक्षक यांत मला फारसा फरक दिसत नाही.

समजा, येथपर्यंतच्या सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पान सोनामुखीचेच आहे. तरी ते औषध आहे असे म्हणता येईल काय?

येथे एक प्रकार सांगतो, म्हणजे ओळख आणि गुणवत्ता यांतील अंतर लक्षात येईल. सोनामुखीतील कार्यकारी द्रव्ये पाण्यात विरघळतात. एखाद्याने पाने भिजवून त्यांतील सत्त्व काढून घेतले आणि चोथा वाळवून पुन्हा बाजारात आणला, तर केस तसेच राहतील, स्फटिक तसेच राहतील, रंध्रांक अठराचा अठराच भरेल. सूक्ष्मदर्शक शपथेवर सांगेल की, ही सोनामुखी आहे. आणि त्याचे म्हणणे खरेच असेल. फक्त त्या पानात सोनामुखीपण उरलेले नसेल. अशी लबाडी उघडकीस आणण्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या अंशाचे प्रमाण काढतात आणि मूळ द्रव्याचे मापन करतात.

ते मूळ द्रव्य म्हणजे सेनोसाइडे. स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ती शुद्ध रूपात वेगळी केली. त्यांची करामत मोठी आहे. जठरात आणि लहान आतड्यात ती जवळजवळ जशीच्या तशी राहतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू त्यांतील शर्करा तोडतात आणि रेचन करणारे द्रव्य तेथेच मोकळे होते. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम सकाळी दिसतो तो याचमुळे. आणि म्हणूनच मात्रा नेमकी हवी. पान निकस असेल तर गुण येत नाही, मग रुग्ण दुप्पट घेतो. पुढच्या वेळी तीच दुप्पट मात्रा कसदार पानाची पडली की पोटात मुरडा येऊन तो हैराण होतो. दीर्घकाळ नित्य रेचक घेणे मुळातच अनिष्ट. त्यात मात्रेचा भरवसा नसेल तर विचारूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोनामुखीच्या पानात ही द्रव्ये, सेनोसाइड बी या मापाने, निदान २.५ टक्के असावीत असे म्हटले आहे.

प्रयोगशाळेत ओळखीपुरती एक साधी परीक्षा करतात. चूर्ण आम्लात उकळावे, फेरिक क्लोराइडने त्याचे ऑक्सिडीकरण करावे, निवल्यावर ईथरमध्ये अर्क घ्यावा आणि तो अमोनियाच्या पाण्याबरोबर हलवावा. खालचा थर गुलाबी ते लाल होतो. पण हा रंग रेवाचिनीतही येतो, कोरफडीच्या बोळातही थोड्या फेरफाराने येतो. म्हणजे तो कुळाची खूण सांगतो, व्यक्तीची नव्हे. नेमके मोजमाप करावयाचे तर अलीकडे उच्च दाबाच्या द्रव-वर्णलेखनाचा आधार घेतात. पातळ थराच्या वर्णलेखनात शेजारी शुद्ध सेनोसाइडचा ठिपका ठेवून तुलना करतात. आता तर डीएनएच्या तुकड्यावरूनही जात ओळखता येते. या पद्धतीचे कौतुक सध्या फार ऐकू येते, आणि ते वावगे नाही. तथापि चोथ्यातही डीएनए असते, आणि अर्कात ते बहुधा शाबूत उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. नवे साधन जुन्या साधनाच्या शेजारी बसते, त्याच्या जागी नव्हे.

पानाचा कस कोठे ठरतो, असे विचाराल तर मी प्रयोगशाळेकडे नव्हे, शेताकडे बोट दाखवीन. ताज्या पानात सेनोसाइडांची जी पूर्वरूपे असतात, त्यांतून सेनोसाइडे तयार होण्याचे काम पुष्कळसे वाळण्याच्या काळात घडते. पानातील वितंचकेच ते करतात. वाळवण बेताच्या उष्णतेत, सावलीत, पातळ थर पसरून, अधूनमधून वरखाली करीत व्हावे लागते. कडक उन्हात टाकलेले पान लवकर सुकते खरे, पण त्याचा रंग जातो आणि कसही उणावतो. ढीग करून ठेवले तर आत उबारा धरतो, बुरशी येते आणि पान काळवंडते. दक्षिण तमिळनाडूतील कोरडवाहू शेतकऱ्याला, जो फुले खुडून पानांचा बहर लांबवितो आणि पेरणीपासून सुमारे दोनतीन महिन्यांनी पहिली तोडणी करतो, हे सारे अनुभवाने ठाऊक असते. त्याच्या मालाचा भाव मात्र बहुधा रंगावर आणि आकारावर ठरतो. रंग हा वाळवणाचा बरा साक्षीदार आहे, पण कसाचा पुरावा नव्हे. मोजमाप करूनच भाव ठरला तर नीट वाळविणाऱ्याला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळेल, असे मला वाटते. गुणवत्तेची परीक्षा ही केवळ ग्राहकाच्या रक्षणासाठी असते हा समज एकांगी आहे.

राखेची परीक्षा ऐकणाऱ्याला नेहमी विचित्र वाटते. औषध जाळून काय कळणार? मोजून घेतलेले चूर्ण मुशीत जाळावे आणि उरलेली राख तोलावी. सोनामुखीत ती १२ टक्क्यांच्या वर जाऊ नये. त्या राखेत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळावे. पानाचे स्वतःचे क्षार विरघळतात, आणि जे विरघळत नाही ती बहुतांशी वाळू. ती २ टक्क्यांपेक्षा अधिक निघाली तर समजावे की, पाने उघड्या जमिनीवर वाळविली आहेत, किंवा वजन वाढविण्यासाठी कोणाचा तरी हात लागला आहे. दोहोंतील खरे कोणते हे राख सांगू शकत नाही. ओलावा, कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू, जीवाणू आणि बुरशी यांच्याही मर्यादा आता घातलेल्या आहेत. त्यांच्या तपशिलात मी आज जात नाही, कारण त्या सर्वच पानांना जवळजवळ सारख्या लागू आहेत.

शेवटी एका गोष्टीविषयी बोलतो. तिची चर्चा कमी होते, पण ती बिघडली तर वरील सर्व परीक्षा व्यर्थ जातात. ती म्हणजे नमुना घेणे. गासडीच्या वरच्या थरातून मूठभर पाने उचलली तर ती बहुधा अखंड आणि देखणी असतात. देठांचे तुकडे, चुरा आणि वाळू वाहतुकीत हादऱ्यांनी तळाशी जातात. म्हणून वरून, मधून आणि तळातून, आणि एका नव्हे तर अनेक गासड्यांतून माल काढावा लागतो. तो स्वच्छ कापडावर पसरून चौकोनी ढीग करावा, कर्णरेषांनी त्याचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले दोन बाजूला सारावेत. ठेवलेले पुन्हा मिसळावेत आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हेच करीत राहावे. त्यातील थोडा भाग परीक्षेसाठी जातो. थोडा भाग झाकणबंद बाटलीत, उजेडापासून दूर, जपून ठेवतात. बाटलीवर गावाचे नाव, तोडणीचा महिना आणि माल आल्याची तारीख लिहितात. उद्या कोणी तक्रार घेऊन आला तर सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहावयाचे ते याच बाटलीतले पान.